चकती राहते, वाजविणारा जातो

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गड, तह आणि लढाया उभ्या राहतात. आपल्या धरणगावापुरते बोलायचे, तर सतराव्या शतकात येथे इंग्रजांची वखार होती आणि १६७९ साली मराठ्यांच्या फौजेने हे गाव लुटले, एवढे सांगितले म्हणजे गावचा इतिहास आटोपला असे पुष्कळांना वाटते. आज आम्ही ज्या वस्तूचा इतिहास सांगणार आहोत ती मात्र तुमच्या घरच्याच कपाटात, लग्नाच्या आल्बमला टेकून पडलेली आहे. ती म्हणजे लग्नाची सीडी.

या शतकाच्या पहिल्या दहा वर्षांत ज्यांची लग्ने झाली, त्यांच्या घरी अशा दोन-तीन चकत्या हमखास असतात. एका व्हीसीडीत सुमारे चौऱ्याहत्तर मिनिटे मावत. म्हणून हळद पहिल्या चकतीत, मंगलाष्टके दुसरीत आणि वरात तिसरीत! आता घरातल्या नातीला आजीचे लग्नघरातले वावरणे पाहावेसे वाटते. चकती काढली जाते, आणि ती लावायची कशात हा प्रश्न पडतो.

हा प्रश्न आपल्या इतिहासाला नवा नाही. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या अखेरीस वारले, आणि त्यांच्या मागे धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. तेथे जुन्या कागदांचा मोठा संग्रह आहे. त्यातला मोडी कागद हातात घ्या. कागद शाबूत, शाई शाबूत, पण वाचणारा शोधून आणावा लागतो. मोडी विसाव्या शतकात कचेऱ्यांतून उठली, शाळांतूनही उठली, आणि आजोबांचे खरेदीखत नातवाला चित्रासारखे दिसू लागले. मोडीचे हे होण्याला काही पिढ्या लागल्या. चकतीचे तेच अवघ्या वीस वर्षांत झाले.

पूर्वीची यंत्रे या बाबतीत बरी होती. ग्रामोफोनच्या तबकडीत आवाज खाचेच्या रूपाने असतो. सुई खाचेतून फिरली की आवाज निघतो. १९४८-४९ च्या सुमारास लांब वाजणाऱ्या नव्या तबकड्या आल्या, तेव्हा यंत्राला वेग बदलण्याचा खटका आणि बारीक सुई बसवून काम भागले. १९६३ साली फिलिप्सने कॅसेट काढली आणि पुढे तिचा आकार कोणी बदलला नाही. संगणकात मात्र तीन गोष्टी जमाव्या लागतात: फाईल, ती उलगडणारा कार्यक्रम, म्हणजे मीडिया प्लेयर, आणि ज्याच्या आधाराने हा कार्यक्रम चालतो ती संगणकाची मूळ प्रणाली, म्हणजे विंडोज किंवा तिच्यासारखी दुसरी. या तिघांचे वय सारखे नसते, आणि सगळा घोटाळा तेथे होतो.

फाईलचे स्वरूप आम्ही जेवणाच्या डब्यावरून सांगू. फाईलच्या नावापुढे जे एव्हीआय किंवा एमपीफोर असे लागते तो नुसता डबा. आत चित्र कोणत्या रीतीने दाबून भरले आहे ते डब्यावरून पुरते कळत नाही. भरण्याच्या व उलगडण्याच्या त्या रीतीला कोडेक म्हणतात. प्लेयरपाशी तो कोडेक नसेल, तर डबा उघडतो पण पानात काही पडत नाही: आवाज येतो, चित्र काळे! अशा वेळी आपली मुले कोठून तरी 'कोडेक पॅक' आणून बसवीत, आणि त्याच्याबरोबर पुष्कळदा व्हायरसही घरात येई.

मायक्रोसॉफ्ट कंपनीने मीडिया प्लेयर विंडोजला प्रथम जोडला तो १९९१ साली. २००१ मध्ये विंडोज एक्सपी आली. त्याच सुमारास आपल्याकडे एमएस-सीआयटीचे वर्ग निघाले आणि तालुक्याच्या गावांतून संगणकाला हात लागू लागला. पुष्कळांनी पहिले गाणे संगणकावर ऐकले ते एक्सपीवरच. पुढची हकिकत लक्षपूर्वक ऐकण्यासारखी आहे. २००३ चा नववा प्लेयर विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीवरही बसे. २००४ च्या दहाव्याने तिला दाराबाहेर ठेवले. अकरावा एक्सपी आणि व्हिस्टा या दोघींवर चाले. बारावा २००९ मध्ये विंडोज ७ बरोबर आला, तो एक्सपीवर बसतच नाही. तेव्हा ज्याच्या घरी एक्सपी होती, त्याला नव्या मोबाईलने घेतलेला एमपीफोर व्हिडिओ कंपनीच्या प्लेयरवर सहसा दिसेना.

ही झाली जुन्या यंत्राची अडचण. नव्याची अडचण उलटी आहे. विंडोज ७ च्या घरगुती आवृत्त्यांपैकी वरच्या प्रतीत डीव्हीडी उलगडण्याची सोय आपसूक मिळे. २०१२ च्या विंडोज ८ मधून ती काढून घेण्यात आली. नवी प्रणाली घेतली आणि जुनी डीव्हीडी मुकी झाली! गंमत अशी, की त्याहून जुन्या व्हीसीडीची फाईल आजही बहुतेक प्लेयरवर उलगडते. तिच्या नावापुढचे 'डॅट' पुसून 'एमपीजी' लिहिले की काम होते, ही युक्ती आपल्या फोटोग्राफरांना चांगली ठाऊक होती. तेव्हा जितके जुने तितके लवकर मरते, असा नियम येथे नाही. ज्या रीतीचा उलगडा सर्वांना ठाऊक आहे आणि ज्यासाठी कोणाला पैसे मोजावे लागत नाहीत, ती रीत टिकते, असे आम्हांस दिसते.

व्हीएलसीचे उदाहरण याच जातीचे आहे. १९९६ साली पॅरिसच्या एका अभियांत्रिकी विद्यालयातील विद्यार्थ्यांनी हे काम आरंभिले आणि २००१ मध्ये त्याची मूळ संहिता सर्वांना खुली झाली. हा प्लेयर आपले बहुतेक कोडेक आपल्याच पोटात बाळगतो, प्रणालीकडे मागायला जात नाही. म्हणून २०१८ ची त्याची तिसरी आवृत्ती एक्सपीवरही चालली आणि विंडोज १० वरही. तरीही निर्धास्त राहता येत नाही. २०२२ साली भारतातून त्याच्या मूळ संकेतस्थळावर जाण्यास बंदी घातली गेली, ती त्या नोव्हेंबरात उठली. मधले काही महिने तो मूळ ठिकाणाहून उतरवून घेण्याची वाट आपल्याकडे बंद होती.

लग्नाची चकती बिघडली तर एका घराचे नुकसान. आम्हांस अधिक चिंता आहे ती आवाजाची. बालकवी ठोंबरे याच धरणगावात १८९० साली जन्मले. त्यांची कविता कागदावर होती म्हणून १९१८ नंतरही राहिली. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हते. घरच्यांनी त्यांची गाणी उतरवून घेतली आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ मध्ये पुस्तक निघाले. शब्द आले, पण जात्यावरची चाल आणि गळ्याचा हेलकावा कागदावर उतरत नाही. साध्या मोबाईलवर आवाज भरता येऊ लागला, तेव्हा प्रथमच ही सोय घरोघर पोहोचली. कानबाईची गाणी, भुलाबाईची गाणी, अहिराणीतल्या ओव्या कोणी ना कोणी भरून घेतल्याच असतील. त्या काळचे पुष्कळ मोबाईल आवाज एएमआर या रीतीने भरीत. विंडोजचा स्वतःचा प्लेयर ती फाईल घेत नसे. ॲपलचा क्विकटाइम घेई, पण त्याच्या विंडोजवरच्या आवृत्तीचा सांभाळ ॲपलने २०१६ मध्ये सोडला. व्हीएलसी ती वाजवितो. तेव्हा 'फाईल खराब झाली' म्हणून पुसून टाकण्याआधी ती एकदा तेथे लावून पाहावी, एवढी आमची विनंती आहे.

आणि चकतीचे काम आधी हाती घ्यावे. लग्नाच्या चकत्या कारखान्यात छापलेल्या नसत, दुकानात 'राइट' केलेल्या असत. त्यांतला रंगाचा थर उन्हाने व उष्म्याने उतरतो, आणि खानदेशचा उन्हाळा आपण जाणतोच. नव्या लॅपटॉपला चकतीचे खणही नसते. ज्याच्याकडे जुना डेस्कटॉप अजून चालू आहे, त्याच्याकडे एक रविवार बसून चकत्या पेनड्राइव्हवर उतरवून घ्याव्यात. मूळ फाईल तशीच ठेवावी, एक प्रत एमपीफोरमध्ये करावी, दुसरी दुसऱ्या घरी ठेवावी. फाईलच्या नावात गाणारीचे नाव, गाव आणि साल घालावे. 'न्यू फोल्डर २' या नावावरून पुढे कोणालाच काही समजणार नाही.

ते जुने डेस्कटॉप गावात अजून आहेत. फोटो स्टुडिओत असतील, एखाद्या संगणक वर्गाच्या मागच्या खोलीत धूळ खात असतील. ते भंगारात जाण्यापूर्वी विचारून ठेवा.