बिगरमोसमी क्रिकेट : नवा गोलंदाज आणि चाहत्यांचा हिशेब

मे २०१९ मधील आयपीएलचा अंतिम सामना मुंबई इंडियन्सच्या चाहत्यांच्या कायमचा लक्षात राहिला आहे. हैदराबादेत चेन्नई सुपर किंग्जला शेवटच्या चेंडूवर दोन धावा हव्या होत्या. लसिथ मलिंगाने तो चेंडू संथ टाकला, फलंदाज पायचीत झाला आणि मुंबईने एका धावेने विजेतेपद पटकावले. बाद झालेला तो फलंदाज होता पालघरचा शार्दूल ठाकूर. साडेसहा वर्षांनी, नोव्हेंबर २०२५ मध्ये, याच शार्दूलला मुंबई इंडियन्सने लखनऊ सुपर जायंट्सकडून दोन कोटी रुपयांत आपल्याकडे घेतले. ज्याच्या बाद होण्यावर जल्लोष झाला, तोच आता आपला गोलंदाज झाला.

मैदानावर एकही चेंडू पडत नसताना सुरू होणाऱ्या चर्चांचा हा खरा विषय आहे. किंमत योग्य का, वय किती, कोणाची जागा जाणार, असे प्रश्न त्यात वरवर दिसतात. त्यांच्या मुळाशी मात्र एकच प्रश्न असतो : काल परका असलेला खेळाडू आज आपला कसा मानायचा?

अदलाबदल कशी होते?

आयपीएलमध्ये खेळाडू मिळवण्याचे मुख्य मार्ग तीन. पहिला लिलावाचा, दुसरा आधीच्या संघातील खेळाडू कायम राखण्याचा आणि तिसरा अदलाबदलीचा. अदलाबदलीतही दोन प्रकार आहेत. एका प्रकारात खेळाडूच्या बदल्यात खेळाडू दिला जातो, तर दुसऱ्यात केवळ रक्कम मोजली जाते. खेळाडूची संमती असावी लागते आणि त्याचे मानधन नव्या संघाच्या खर्चमर्यादेत मोजले जाते. हे व्यवहार लिलावाच्या आठवडाभर आधी थांबतात. लिलाव आटोपल्यावर ते पुन्हा सुरू होतात आणि नवा मोसम महिन्यावर आला की बंद होतात. मात्र ताज्या लिलावात घेतलेला खेळाडू त्याच मोसमासाठी दुसऱ्या संघाला देता येत नाही.

खेळाडूने संघांशी परस्पर बोलणी करणे नियमबाह्य आहे. राजस्थान रॉयल्सचा रवींद्र जडेजा याला याच कारणावरून २०१० च्या संपूर्ण मोसमास मुकावे लागले. पंधरा वर्षांनी, नोव्हेंबर २०२५ मध्ये, तो चेन्नईकडून रीतसर अदलाबदलीने पुन्हा राजस्थानकडे गेला. त्याच्यासह सॅम करनही राजस्थानला मिळाला आणि संजू सॅमसन चेन्नईकडे आला.

श्रीरामपूरचा झहीर

मुंबईकरांना या प्रकाराची ओळख २००९ मध्ये झाली. आयपीएलच्या दुसऱ्या मोसमाआधी मुंबई इंडियन्सने रॉबिन उथप्पा बंगळुरूला दिला आणि त्याच्या बदल्यात डावखुरा वेगवान गोलंदाज झहीर खान घेतला. त्याच सुमारास आशिष नेहरा दिल्लीला गेला आणि शिखर धवन मुंबईकडे आला.

मुंबईसाठी झहीर तोवर परका राहिलेला नव्हता. श्रीरामपूरला जन्मलेला हा गोलंदाज रणजी क्रिकेटमध्ये बडोद्याकडून पुढे आला होता. पण २००६-०७ च्या मोसमात तो मुंबईकडे आला आणि बंगालविरुद्धच्या अंतिम सामन्यात नऊ बळी घेऊन त्याने मुंबईच्या विजेतेपदाला हातभार लावला. त्याच्या आगमनानंतर दुसऱ्याच मोसमात, २०१० मध्ये, मुंबई इंडियन्सने प्रथमच अंतिम फेरी गाठली. पुढे लिलावातून झहीर बंगळुरूला परतला, २०१४ मध्ये पुन्हा मुंबईत आला आणि २०१५ मध्ये दिल्लीकर झाला. आयपीएलमधील आपलेपण किती अल्पजीवी असते, याचा धडा त्याच्या कारकिर्दीनेच घालून दिला.

किंमत नव्हे, षटके

नव्या गोलंदाजाविषयीची चर्चा बहुधा किमतीपाशी घुटमळते. वास्तविक वीस षटकांच्या सामन्यात एका गोलंदाजाला चारच षटके टाकता येतात. त्यामुळे किमान पाच गोलंदाज लागतात, आणि प्रत्येक षटकाचे मोल सारखे नसते. पहिल्या सहा षटकांत तीस यार्डांच्या वर्तुळाबाहेर दोनच क्षेत्ररक्षक असतात. तिथे चेंडू स्विंग करून बळी घेणारा हवा. अखेरच्या चार षटकांत यॉर्कर आणि संथ चेंडूंवर हुकमत असलेला हवा. म्हणून नवा गोलंदाज किती मोठा, यापेक्षा तो कोणती षटके भरून काढणार, हा प्रश्न अधिक मोलाचा ठरतो.

न्यूझीलंडचा ट्रेंट बोल्ट हे याचे उत्तम उदाहरण. नोव्हेंबर २०१९ मध्ये दिल्ली कॅपिटल्सने त्याला मुंबईला दिले. मुंबईकडे जसप्रीत बुमराह होता, पण नव्या चेंडूने सलामीची जोडी फोडणारा जोडीदार हवा होता. मलिंगाने वैयक्तिक कारणांमुळे २०२० च्या मोसमातून माघार घेतल्यावर ती गरज आणखी वाढली. बोल्टने त्या मोसमात २५ बळी घेतले आणि बुमराहने २७. १० नोव्हेंबर २०२० रोजी दुबईत अंतिम सामन्यात मुंबईची गाठ दिल्लीशीच पडली. बोल्टने सामन्याच्या पहिल्याच चेंडूवर मार्कस स्टोइनिसला बाद केले आणि तीन बळींसह तो सामनावीर ठरला. दिल्लीने दिलेल्या गोलंदाजानेच दिल्लीचे पहिले विजेतेपद हिरावून घेतले.

याउलट अनुभव जोफ्रा आर्चरचा. फेब्रुवारी २०२२ च्या लिलावात मुंबईने त्याच्यासाठी आठ कोटी रुपये मोजले. दुखापतीमुळे तो त्या वर्षी खेळणार नाही, हे ठाऊक असूनही बुमराह आणि आर्चर एकत्र गोलंदाजी करतील या आशेवर हा व्यवहार झाला. प्रत्यक्षात २०२३ मध्ये आर्चरला पाचच सामने खेळता आले, त्यांत त्याला दोन बळी मिळाले. आणि पाठीच्या दुखापतीने बुमराह त्या मोसमात खेळलाच नाही. कागदावर बिनतोड वाटलेली जोडी मैदानावर उतरलीच नाही.

औंढ्याचा संघ कोणता?

औंढा नागनाथ हे हिंगोली जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण नागनाथाच्या प्राचीन मंदिरासाठी प्रसिद्ध आहे. क्रिकेटच्या नकाशावर त्याचे स्थान मोठे बोलके आहे. रणजी स्पर्धेत राज्याचे तीन संघ उतरतात : मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. मराठवाडा महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या क्षेत्रात येतो, म्हणजे औंढ्याच्या होतकरू गोलंदाजाची वाट पुण्याकडे जाते. जिल्ह्याची उत्तर सीमा ओलांडली की वाशीम, आणि तिथून नागपूरच्या विदर्भ संघटनेचा अंमल सुरू होतो. मुंबईच्या संघाशी या गावाचे प्रशासकीय नाते काहीच नाही.

आयपीएलमध्ये पुण्याचा संघ दोनदा आला आणि दोनदा गेला. पुणे वॉरियर्स २०११ ते २०१३ असा तीन मोसम खेळला. नंतरचा रायझिंग पुणे संघ २०१६ आणि २०१७ असा दोनच मोसम टिकला. या दुसऱ्या संघाने २०१७ मध्ये अंतिम फेरी गाठली आणि मुंबईकडूनच एका धावेने हार पत्करली. त्यानंतर राज्याच्या नावावर आयपीएलचा एकच संघ उरला. वानखेडे स्टेडियम रात्रभराच्या प्रवासावर असलेल्या गावातील क्रिकेटरसिकाला तो संघ जन्माने मिळत नाही, त्याला तो निवडावा लागतो. ही निवड पक्की होते ती सामन्यांइतकीच बिगरमोसमी चर्चांतून. कोण आला, कोण गेला, कोणाला घ्यायला हवे होते, यावर तावातावाने मत मांडणारा माणूस त्या संघात मनाने सामील झालेला असतो. तिकीट काढण्याची संधी ज्याला क्वचितच मिळते, त्याचा संघावरील हक्क या मतातच असतो.

शेगडीभोवतीचा मोसम

हे वेड केवळ भारतीय नव्हे. अमेरिकेत बेसबॉलचा मोसम संपला की हिवाळ्यात पेटत्या शेगडीभोवती बसून खेळाडूंच्या देवघेवीवर गप्पा रंगत. त्यावरून या बिगरमोसमी चर्चेला तिथे ‘हॉट स्टोव्ह लीग’ हे नावच पडले. चेंडू फेकणारा पिचर हा तिथला गोलंदाज. डिसेंबर १९१९ मध्ये बोस्टन रेड सॉक्सने बेब रुथला न्यूयॉर्क यांकीजला विकले. पिचर म्हणून नावारूपाला आलेला रुथ पुढे सर्वकालीन महान फलंदाजांत गणला गेला. १९१८ मध्ये विजेते ठरलेल्या बोस्टनला पुढच्या विजेतेपदासाठी २००४ पर्यंत थांबावे लागले आणि चाहत्यांच्या तीन पिढ्या त्या एका व्यवहाराला बोल लावत राहिल्या.

भारतालाही या शेगडीची ऊब एकदा लागली. दूरचित्रवाणीवरील स्पर्धेतून निवडलेल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या उत्तर प्रदेशच्या दोन भालाफेकपटूंशी नोव्हेंबर २००८ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सने पिचर म्हणून करार केला. अव्वल लीगपर्यंत दोघांपैकी कोणीही पोहोचू शकला नाही.

फिरून घरी

शार्दूलची वाटचाल या साऱ्याचा जणू सारांश आहे. २०१७ मध्ये पंजाबकडून पुण्याकडे, नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीकडून कोलकात्याकडे आणि २०२५ मध्ये लखनऊकडून मुंबईकडे, अशी त्याची तीनदा अदलाबदल झाली. मधल्या काळात तो चेन्नईबरोबर विजेता ठरला. २०२२ च्या लिलावात दिल्लीने त्याला पावणेअकरा कोटींना घेतले होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दा येथील लिलावात त्याच्यावर बोलीच लागली नाही. दुखापतग्रस्त मोहसीन खानच्या जागी लखनऊने त्याला दोन कोटींत घेतले आणि त्याने दहा सामन्यांत १३ बळी टिपले.

गोलंदाज तोच होता. बदलत होती ती संघांची गरज. पालघरहून लोकल गाडीने सरावासाठी मुंबईला येणाऱ्या या मुलाने मुंबईच्या रणजी संघाचे नेतृत्व केले, पण आयपीएलमधील मुंबईचा संघ त्याला लाभायला २०२५ उजाडावे लागले. त्याच सुमारास अर्जुन तेंडुलकर मुंबईहून लखनऊला गेला. खेळाडू येतात, जातात, क्वचित फिरून परत येतात. संघ बदलत नाही तो चाहता, आणि येणाऱ्या प्रत्येकाचा हिशेब नव्याने मांडायचे काम त्याच्याच वाट्याला येते.