पनवेलचीं चाकें

पनवेल सोडून पूर्वेस नेऱ्याच्या रस्त्याला लागलें म्हणजे वस्ती मागें पडते न पडते तोंच समोर डोंगरांची ओळ उभी राहते. डाव्या हातास माथेरानचें लांबलचक पठार, उजवीकडे प्रबळ, आणि प्रबळाच्या खांद्याला चिकटून कलावंतिणीचा सुळका. गेल्या मार्गशीर्षांत एका रविवारीं सकाळीं ह्या बाजूस जाण्याचा मला योग आला. बरोबर माझा एक जुना विद्यार्थी होता. तो आपल्या सायकलवर, आणि मी, वयाचा व गुडघ्यांचा मान राखून, मोटारींत. त्याची सायकल पाहण्यासारखी होती. हँडल शर्यतीच्या सायकलीसारखें खालीं वळलेलें, पण टायर चांगले दोन बोटें रुंद आणि त्यांत हवा मुद्दाम कमी ठेवलेली. डांबर सोडून मुरमाच्या, खडीच्या वाटेनें जावयासाठींच ही घडविलेली असते आणि तिला 'ग्रॅव्हल बाइक' म्हणतात, असें त्यानें मला समजावून दिलें. एका वळणावर डांबरी रस्ता सोडून तो तांबड्या मुरमाच्या गाडीवाटेंत शिरला, आणि थोड्या वेळानें परत येऊन मोठ्या अभिमानानें म्हणाला, "सर, ह्या वाटा आमच्या मंडळींनीं शोधून काढल्या आहेत."

इतिहास शिकविण्यांत ज्याचीं तीस वर्षें गेलीं त्याला 'शोधून काढणें' हा शब्द थोडा टोंचतोच. समोरचें माथेरानच पहा. १८५० सालीं ठाण्याचा कलेक्टर मॅलेट चौक गांवाहून वर चढला आणि माथेरानचा शोध लागला, असें आपण पुस्तकांतून वाचीत आलों. त्या डोंगरावर व त्याच्या अंगाखांद्यावर ठाकूर, कातकरी आणि धनगर पिढ्यान् पिढ्या वावरत होते. आपला शोध लागल्याची वार्ता त्यांस केव्हां कळली असेल तें सांगवत नाहीं. तथापि माझ्या विद्यार्थ्याला मी तेथें कांहीं बोललों नाहीं. त्या वाटांचा पूर्वेतिहास मात्र घरीं आल्यावर मनांत घोळूं लागला, आणि तोच येथें मांडीत आहें.

पनवेल हें डोंगराच्या पायथ्याचें गांव खरें, परंतु तें बंदरही होतें. भरतीच्या पाण्याबरोबर मुंबईच्या होड्या खाडींतून येथवर येत. येथें समुद्र संपे आणि देशावरची वाट सुरू होई. म्हणून पनवेलच्या इतिहासाचें सारें मर्म पुढच्या एका चढणींत आहे. ती चढण म्हणजे बोरघाट. लमाणांचे बैल पाठीवर गोणी घेऊन ती चढत, कोंकणचें मीठ वर जाई, देशावरचें धान्य खालीं येई. बैलाला वाट पुरते. रस्ता लागतो तो चाकाला, आणि बोरघाटांत चाक चालत नव्हतें.

चाक न चालल्यामुळें काय होतें ह्याचें उदाहरण आपल्या इतिहासांत ठळक आहे, पण त्याकडे ह्या दृष्टीनें आपण क्वचितच पाहतों. रघुनाथरावास पुण्याच्या गादीवर बसविण्याकरितां मुंबईकर इंग्रजांची फौज १७७८ च्या नोव्हेंबरांत निघाली ती पनवेलच्याच बाजूनें. लढाऊ माणसें सुमारें ३,९००, आणि तोफा व सामानसुमान ओढावयास १९,००० वर बैल! एका शिपायामागें जवळजवळ पांच बैल असें हें प्रमाण पडलें. घाटांत तोफा चढवावयाच्या म्हणजे आधीं वाट फोडावयाची, मग गाडे ओढावयाचे. सारें सैन्य माथ्यावर यावयास डिसेंबरचा शेवट उजाडला, आणि माथ्यावर आल्यावरही दिवसाकांठीं मैलभर मजल होईना. तेवढ्या अवकाशांत मराठ्यांची तयारी पुरी झाली. ४ जानेवारी १७७९ रोजीं कारल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट पडला. शत्रूचा असूनही त्याच्या शौर्याबद्दल मराठ्यांनीं त्याला 'इष्टुर फांकडा' म्हणून लक्षांत ठेवलें. तळेगांवाहून इंग्रज मागें फिरले तेव्हां ज्या अवजड तोफा एवढ्या कष्टानें घाट चढवून आणल्या होत्या त्याच तळ्यांत ढकलून द्याव्या लागल्या, आणि जानेवारीच्या मध्यास वडगांवचा तह झाला. ह्या विजयाचें श्रेय नाना फडणीस, महादजी शिंदे आणि हरिपंत फडके ह्यांच्याकडे जातें आणि तें योग्यच आहे. पण त्या श्रेयांत बोरघाटाच्या चढणीलाही थोडा वांटा दिला पाहिजे असें मला वाटतें.

इंग्रज हा धडा विसरले नाहींत. १८०४ सालीं जनरल वेलस्ली, म्हणजे वॉटर्लूचा पुढील विजेता, ह्यानें घाटमाथ्यापासून पुण्यापर्यंत चांगला रस्ता बांधविला. घाटांतला गाड्यांचा रस्ता मात्र पेशवाई बुडाल्यानंतर बारा वर्षांनीं, १८३० सालीं, गव्हर्नर सर जॉन माल्कम ह्याच्या कारकीर्दींत खुला झाला. तोफांसाठीं मनांत आलेला रस्ता तोफांची गरज सरल्यावर पुरा झाला, आणि त्याचा लाभ मिळाला तो गाडीवानांना. हा खडीच्या रस्त्यांचा काळ होता. मॅकॅडम ह्या स्कॉटिश गृहस्थाची पद्धत तेव्हां सर्वत्र पसरत होती. मोठमोठे धोंडे न घालतां सारख्या आकाराची बारीक फोडलेली खडी थराथरानें पसरावयाची. वरून रहदारी जसजशी होईल तसतशी ती एकमेकींत घट्ट बसते. रस्त्यानें चाकाला चालवावें आणि चाकानें रस्त्याला घडवावें, असा तो परस्परांचा व्यवहार होता. डांबरी रस्त्याला वाहन नुसतें झिजवितें. खडीचा रस्ता तसा नव्हे.

आणि चाकें तर पनवेलचींच! इंग्रजी अमदानींतल्या गॅझेटियरांत पनवेलचा प्रमुख धंदा म्हणून गाडीच्या चाकांचा उल्लेख आहे. देशावरून माल घेऊन आलेला गाडीवान परत जातांना येथून चाकांची एक जोडी घेऊन जाई, असें त्यांत म्हटलें आहे. मला हें वाक्य फार आवडतें. घाट उतरून आलेल्या गाडीचीं चाकें खिळखिळीं व्हावयाचींच. तेव्हां घाटाच्या पायथ्याशीं सुताराची व लोहाराची पेठ वसावी ह्यांत नवल नाहीं. तुंब्यांत आरे ठोकण्याचा आवाज, लाल तापविलेली लोखंडी धाव लांकडावर चढवून वर पाणी ओततांच उठणारी वाफ, आणि रस्त्याच्या कडेला जूं टेंकून रवंथ करीत बसलेले बैल, असें पनवेल कल्पनेनें पाहतां येतें. १८५२ सालींच येथें नगरपालिका झाली, ह्यावरून गांवाची भरभराट ध्यानांत येईल.

ही भरभराट आगगाडीनें मोडली. लोहमार्ग कल्याण-कर्जतवरून गेला व पनवेल बाजूला पडलें. बोरघाटांतल्या कामावर एका वेळीं चाळीस हजारांवर मजूर राबत होते आणि त्यांपैकीं कितीतरी पटकीसारख्या रोगांनीं मेले. ठेकेदार ट्रेडवेल आल्यावर थोड्याच दिवसांत वारला, तेव्हां त्याच्या पत्नीनें, अ‍ॅलिस ट्रेडवेल हिनें, ठेका आपल्या नांवावर पुढें चालविला. २१ एप्रिल १८६३ रोजीं घाटांतून गाडी धावली. पनवेलला स्वतःची आगगाडी मिळाली ती दिव्याहून, १९६४ सालीं. मध्यें शंभर वर्षें गेलीं! ह्या शंभर वर्षांत गाडीरस्ता ओस पडला नाहीं, परंतु देशावरचा मोठा व्यापार रेल्वेनें नेला. पुढें मोटारी आल्या, खडीवर डांबर चढलें, आणि २००२ सालीं पुरा झालेला द्रुतगतिमार्ग आला. त्यावर बैलगाडीला मज्जाव आहे, सायकलीला आहे, आणि पायीं चालणारालाही आहे.

मोठा रस्ता झाला म्हणजे आडवाटा मरत नाहींत; त्या केवळ सरकारच्या नजरेआड होतात. पनवेलजवळच्या शिरढोण गांवीं १८४५ सालीं जन्मलेल्या वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडांत ह्याचा प्रत्यय येतो. मे १८७९ मध्यें त्यांचा साथीदार दौलतराव नाईक आपल्या रामोशांसह घाट उतरून आला व त्यानें पळस्पें आणि चिखलें हीं गांवें लुटलीं. पळस्पें तर ऐन पुण्याच्या हमरस्त्यावर. सुमारें दीड लाखाची लूट घेऊन परत देशाकडे जात असतां मेजर डॅनियलच्या तुकडीनें त्यास गांठलें आणि त्या चकमकींत तो पडला. हमरस्ता सरकारचा, आडवाट बंडवाल्याची, अशी तेव्हां वांटणीच होती.

आतां ह्याच आडवाटांवर माझ्या विद्यार्थ्याची मंडळी रविवारीं रविवारीं उतरते. मुंबई-पुणें सायकल शर्यत पुष्कळ वर्षें चालली, आणि तींत बोरघाट पहिल्यानें चढून जाणाराला 'घाटाचा राजा' म्हणून बक्षीस मिळे. पण ती डांबरावरची शर्यत. मुरमाची आवड नवी आहे व ती पश्चिमेकडून आली आहे. १८८८ सालीं डनलॉपनें हवेचा टायर काढला त्यानंतर सायकलवाल्यांनीं गुळगुळीत रस्त्यांसाठीं इंग्लंड-अमेरिकेंत आकाशपाताळ एक केलें. आज त्यांचेच वारस गुळगुळीत रस्ता सोडून खडी शोधीत हिंडतात, ही गंमत आहे. मात्र हा केवळ चोचलेपणा असें म्हणून मी ती गोष्ट सोडून देणार नाहीं. इटलींतील टस्कनी प्रांतांत डोंगरउतारांवर पांढऱ्या खडीचे जुने रस्ते आहेत. ते एकामागून एक डांबराखालीं जाऊं लागले तेव्हां १९९७ सालीं कांहीं सायकलवाल्यांनीं जुन्या सायकलींवरून त्या रस्त्यांनीं जाण्याचा वार्षिक उपक्रम सुरू केला. पुढें त्याची ख्याति झाली, आणि खडीचे रस्ते हीच त्या प्रांताची दौलत आहे हें तेथील लोकांस पटलें.

आमच्याकडे तसें होईल काय? येथें वाटेचा शत्रु डांबर नव्हे, कुंपण आहे. विमानतळ, नवीं नगरें, त्यांच्या भोंवतीं आंखलेलीं क्षेत्रें ह्यांमुळें पनवेलच्या परिसरांतल्या जमिनीला सोन्याचा भाव आला. डोंगराकडच्या शेतांचे तुकडे पडतात, तुकड्यांभोंवतीं भिंत उठते, फाटकावर कुलूप लागतें, आणि ज्या वाटेनें चार पिढ्या गुरें गेलीं ती एका सकाळीं नाहींशी होते. वास्तविक जुन्या गांवनकाशांत ह्या वाटा आहेत. एकेरी तुटक रेषा असेल तर पाऊलवाट, दुहेरी असेल तर गाडीवाट. इंग्रजांच्या मोजणीपासून ही खूण चालत आली आहे. वहिवाटीचा रस्ता अडविल्यास दाद मागण्याची सोयही १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्यांत आहे. पण मामलेदाराकडे खेटे घालणें ठाकरवाडींतल्या माणसाला परवडत नाहीं, आणि ज्यास परवडतें त्याला त्या वाटेची गरज नसते. हें काम सायकलवाल्यांनीं कां करूं नये? त्यांच्याजवळ नकाशे आहेत, दुर्बिणीहून तीक्ष्ण अशीं यंत्रें आहेत, आणि रविवारचा वेळ आहे. कोणती तुटक रेषा आज जमिनीवर आहे व कोणती भिंतीआड गेली, एवढें त्यांनीं गांवोगांव टिपून ठेवलें तरी पुष्कळ.

मात्र एक गोष्ट त्यांना ऐकविली पाहिजे. १९ जुलै १९२३ नव्हे, २०२३. शंभर वर्षांपूर्वींची हकीकत वाटावी म्हणून हा आंकडा लिहितांना माझी लेखणी अडखळली. त्या रात्रीं चौकजवळ इर्शाळगडाच्या उतारावरील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीला जावयास पायवाटेखेरीज वाट नव्हती. सोडवणूक करणारीं माणसें पावसांत, चिखलांतून डोंगर चढून गेलीं, पण माती उपसणारीं यंत्रें वर जाऊं शकलीं नाहींत. कुदळी-फावड्यांनीं उकरावें लागलें. सत्तावीस प्रेतें हातीं लागलीं. आणखी पन्नासांवर माणसें मातीखालींच राहिलीं. रस्ता असता तर दरड टळली असती असें नाहीं. पण ज्या वाडींत माणसें राहतात तिची वाट आम्हांला सुंदर दिसते म्हणून ती मुरमाचीच राहावी, असें म्हणण्याचा अधिकार रविवारच्या पाहुण्याला नाहीं. वाडीनें डांबर मागितलें तर तें व्हावें, आणि सायकलवाल्यानें दुसरी वाट पाहावी. शिवारांतल्या, गुरचरणांतल्या, नदीकांठच्या कितीतरी वाटा मग उरतातच.

हें सारें त्या दिवशीं मी बोललों नाहीं हें वर सांगितलेंच. उन्हें चढल्यावर आम्ही एका ठाकरवाडीपाशीं सावलीला थांबलों. मोळी उतरवून बसलेली एक म्हातारी आमच्याकडे बराच वेळ पाहत होती. माझ्या मोटारीकडे बोट दाखवून तिनें विचारलें, "मोजणीला आलांत का?" मी नाहीं म्हणालों. "मंग कशाला?" ह्याला मला उत्तर सुचेना. विद्यार्थ्यानें हंसून आपली सायकल पुढें केली. म्हातारी उठली, जवळ आली, अंगठ्यानें पुढचा टायर दाबून पाहिला, आणि त्याला म्हणाली, "हवा कमी हाय रं, बाबा."