शेपटी तुटलेला ‘वाय’

माझ्या संग्रहात एकही पिस्तूल नाही. हे सुरुवातीलाच सांगितलेले बरे, कारण ‘मी दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पिस्तुलांचा अभ्यास करतो’ असे म्हटले की समोरचा माणूस खुर्ची जरा मागे सरकवतो. ९ मिलिमीटरचे लष्करी पिस्तूल आपल्याकडे साध्या परवान्यावर मिळत नाही, आणि मला ते नकोही आहे. आरे कॉलनीतल्या माझ्या दोन खोल्यांत आहेत ती छायाचित्रे, परदेशी लिलावांच्या जुन्या सूची आणि हाताने लिहिलेली नऊशेच्या आसपास कार्डे.

खुणा वाचायची सवय इथलीच. वडील दुग्धशाळेत कामाला होते. १९४९ साली उभ्या राहिलेल्या या वसाहतीत तबेल्यांना नावे नव्हती, नंबर होते. अजूनही लोक पत्ता सांगताना युनिटचा नंबर सांगतात. काचेच्या बाटलीच्या झाकणाच्या रंगावरून आतले दूध कोणते हे आम्ही मुले लांबून ओळखत असू.

पिस्तुलाचा विषय मात्र आजोबांकडून आला. ते मूळचे साताऱ्याकडचे, मराठा पलटणीतले, १९४४-४५ मध्ये इटलीत होते. त्या मोहिमेत माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मशीनगनच्या ठाण्यावर एकटे चालून गेले आणि तिथेच पडले. संगमनेर तालुक्यातल्या निमजचे नामदेव जाधव ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीकाठी लढले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आजोबांना काही मिळाले नाही आणि त्यांनी फारसे काही सांगितलेही नाही. एकच गोष्ट ते पुन्हा पुन्हा सांगत. मे १९४५च्या सुरुवातीला इटलीतले जर्मन सैन्य शरण आले, तेव्हा रस्त्याकडेला हत्यारांचे ढीग लागले होते. ‘‘त्यातली पिस्तुलं बघितली. आधीची आरशासारखी. नंतरची गावच्या लोहाराच्या कोयत्यासारखी खरखरीत. तेव्हाच म्हटलं, ह्यांचं संपलं.’’

हे वाक्य खरे होते का, हे तपासण्यात माझी वीस वर्षे गेली.

ते पिस्तूल म्हणजे पी-३८. वाल्टर कंपनीचे, आठ गोळ्यांचे, जुन्या लुगरची जागा घेण्यासाठी आणलेले. लुगरला भाग फार आणि वेळ फार. पी-३८ मोठ्या संख्येने काढणे सोपे. तीन कारखान्यांनी मिळून दहा लाखांहून अधिक पिस्तुले बनवली: झेला-मेलिसचे वाल्टर, ओबर्नडॉर्फचे माउझर आणि आजच्या चेक प्रजासत्ताकात असलेल्या ग्रोटाऊचे श्प्रेवेर्क. कारखाना कुठला हे शत्रूला कळू नये म्हणून नावाऐवजी संकेत ठोकला जाई. वाल्टरसाठी १९४०मध्ये आधी ‘४८०’ आणि त्याच वर्षी पुढे ‘एसी’, माउझरसाठी ‘बीवायएफ’, श्प्रेवेर्कसाठी ‘सीवायक्यू’. शिवाय लष्करी तपासनिसाचा गरुडछाप शिक्का: वाल्टरचा ३५९, माउझरचा १३५, श्प्रेवेर्कचा ८८.

लपवण्यासाठी केलेली ही व्यवस्थाच आज सगळे सांगून टाकते. वाल्टरचे क्रमांक दरवर्षी एकपासून सुरू होत. दहा हजार झाले की पुढच्या दहा हजारांना ‘ए’ हे अक्षर, मग ‘बी’, मग ‘सी’. म्हणजे ४३२१ या आकड्यापुढे ‘सी’ असेल, तर ते त्या वर्षातले साधारण ३४,३२१वे पिस्तूल. कार्डे या क्रमाने लावली की कारखान्याचा श्वास ऐकू येतो. १९४०चे पोलाद घासूनपुसून निळेशार. १९४३पासून पॉलिश कमी होत जाते. १९४४-४५ मध्ये कातणाऱ्या यंत्राचे ओरखडे तसेच सोडलेले. बेल्जियममधल्या एफएन कारखान्यातून वाल्टरला फ्रेम आणि स्लाइड येत, त्यांवर १४०चा शिक्का असे. सप्टेंबर १९४४मध्ये लिएज मित्रफौजांच्या हाती गेले आणि ही वाट बंद झाली. साठ्यातल्या फ्रेम मात्र १९४५च्या पिस्तुलांतही दिसतात. माउझरचा संकेत १९४५च्या आरंभी ‘एसव्हीडब्ल्यू’ झाला, शेवटी मुठीच्या बेकलाइटच्या पट्ट्यांऐवजी पत्र्याच्या आल्या. एप्रिलमध्ये ओबर्नडॉर्फ फ्रेंचांनी घेतले आणि त्याच यंत्रांवर स्वतःसाठी पिस्तुले काढणे १९४६पर्यंत चालू ठेवले.

आजोबांचे निरीक्षण खरे होते.

आता माझी चूक. श्प्रेवेर्कच्या उशिराच्या पिस्तुलांवर मला ‘सीवायक्यू’ऐवजी ‘सीव्हीक्यू’ दिसू लागले. मी हरखलो. चौथा, कुणाला ठाऊक नसलेला कारखाना! त्याची वेगळी पेटी केली, अठ्ठावीस कार्डे जमवली आणि एका छोट्या अभ्यासमंडळात त्यावर तासभर बोललोही. विचारायला गुरू नव्हता, त्यामुळे अडवायलाही कुणी नव्हते. पुढे एकदा सगळी कार्डे क्रमांकाने एका ओळीत मांडली, तेव्हा दिसले की दोन मालिका नाहीतच. एकीच्या जागी दुसरी हळूहळू येते. तपासनिसाचा शिक्काही तोच, ८८. अक्षरे उमटवणाऱ्या साच्यातल्या छोट्या ‘वाय’ची शेपटी तुटली होती, एवढेच. परदेशातल्या जाणकारांना हे कधीचे माहीत होते. अठ्ठावीस कार्डे मूळ पेटीत परत गेली.

पण लाज ओसरल्यावर प्रश्न उरला. संकेत चुकीचा उमटतो आहे, तरी तो साचा वापरात राहिला. ज्या देशात शिक्क्याला एवढे महत्त्व, तिथे साचा बदलायला कुणाला सवड नाही? यंत्रावर उभे तरी कोण होते?

याचे उत्तर पिस्तुलांच्या सूचीत नसते. माउझरने पकडून आणलेल्या परदेशी मजुरांना हजारोंनी राबवले. हॅम्बुर्गजवळच्या नॉयेनगामे छळछावणीत वाल्टरसाठी खास कारखाना उभारला गेला आणि तिथे कैद्यांकडून शस्त्रे बनवून घेतली गेली. त्या छावणीत आणि तिच्या उपछावण्यांत किमान ४२,९०० माणसे मेली. ती इमारत आजही स्मारकाच्या आवारात उभी आहे.

हे वाचल्यानंतर मी काही दिवस कार्डांना हात लावला नाही. लिलावाच्या सूचीत ‘१९४५, दुर्मीळ, ओरखडे मूळचे’ असे लिहिलेले असते आणि त्या ओरखड्यांमुळे किंमत वाढते. मीही त्यांना ‘प्रकार’ म्हणत आलो होतो. ज्याच्या हाताखाली ते ओरखडे उमटले, त्याला भाकरी किती मिळत होती, हे मी एकदाही विचारले नव्हते. आजोबांनी त्या ढिगात पराभव पाहिला. मी त्यात नुसते नग मोजले.

छंद सोडला नाही. सोडला असता, तर जे कळले तेही पेटीत बंद झाले असते. मात्र कार्डावर संकेत, शिक्का, क्रमांक आणि वर्ष या चार रकान्यांखाली पाचवा रकाना आखला आहे: ‘काम कोणाचे’. शक्य तिथे त्या कारखान्याबद्दल, तिथल्या मजुरांबद्दल जे सिद्ध झाले आहे तेवढेच लिहितो. नऊशेपैकी दोनशे दहा कार्डे भरून झाली आहेत. त्या अठ्ठावीसांवर सगळ्यात आधी लिहिले.