न सांगितलेलें दुखणें

खोकतांना, हसतांना नकळत लघवी सुटावी, हें दुखणें प्रौढ व वृद्ध स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या लपवीत आल्या. प्रवास सुटे, चारचौघांत बसणें सुटे, आणि दोष सारा वयावर जाई.

वैद्यकाची भिस्त प्रथम शस्त्रावर होती. अमेरिकेंतील बाल्टिमोरच्या हॉवर्ड केली यांनीं १९१४ सालीं मूत्राशयाच्या मुखाशीं टांके घालण्याची रीत प्रसिद्ध केली. पुढें १९४८ मध्यें लॉस एंजेलीसचे स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनीं निराळी वाट धरली. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू बाळंतपणानें व वयोमानानें सैल पडतात. मग दंडाच्या स्नायूंप्रमाणें तेही व्यायामानें कां सुधारूं नयेत? अडचण एवढीच, कीं जो स्नायू दिसत नाहीं तो आंवळावा कसा? केगेल यांनीं योनिमार्गांत ठेवावयाचें रबरी साधन दाबमापकास जोडलें. स्नायू आंवळला कीं कांटा हाले. दिवसांतून तीन वेळां, प्रत्येकीं वीस मिनिटें, असा हा अभ्यास. यंत्र अगदींच साधें. परंतु शरीर अजून आपलें ऐकतें, हें खचलेल्या स्त्रीला तेथें डोळ्यांनीं दिसे, आणि हा धीर औषधाहून उणा नव्हे.

शस्त्रक्रिया कित्येकींना आजही लागते. तथापि उपचाराचा आरंभ बहुधा याच व्यायामानें होतो, आणि तो शिकवितांना विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देतांना पुष्कळ वृद्धा हें दुखणें प्रथमच बोलून दाखवितात.