कावा, पागा आणि भीमथडीचं शिंगरू

‘गनिमी कावा’ हा शब्द आपण शाळेपासून ऐकतो. ‘गनीम’ म्हणजे शत्रू, हे बहुतेकांना ठाऊक असतं. ‘कावा’ म्हणजे काय, असं विचारलं की उत्तर येतं, कपट किंवा डाव. पण हा शब्द मुळात घोड्याच्या तालमीतला आहे. कोवळ्या घोड्याला लांब दोरीवर धरून गोल फिरवायचं, आधी एका बाजूनं, मग उलट बाजूनं, याला ‘कावा देणं’ म्हणत. जो घोडा धावता धावता जागच्या जागी वळतो, तोच शत्रूला हुलकावणी देऊन निसटतो. शब्द रिंगणातून रणांगणावर गेला आणि तिथून राजकारणात.

दख्खनच्या इतिहासात आपण सुलतान पाहतो, छत्रपती पाहतो, लढाया मोजतो. त्यांच्या खाली जो घोडा होता, तो कुठून आला आणि त्याला कुणी वाढवलं, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

समुद्रावरून आलेला घोडा

बहमनी काळात चांगला घोडा म्हणजे अरबस्तान, इराणकडून जहाजानं आलेला घोडा. चौल आणि दाभोळ ही त्याची बंदरं. १४६९च्या सुमारास अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी होर्मुझमार्गे चौलला उतरला, तो सोबत एक नर घोडा घेऊनच. जुन्नरला तिथल्या खानानं तो घोडा काढून घेतला आणि धर्म बदललास तर परत देतो, अशी अट घातली. निकितीनच्या बाजूनं रदबदली केली ती खुरासानहून आलेल्या एका मुसलमानानंच. घोडा परत मिळाला, धर्मही राहिला. पुढं बीदरला त्यानं तो विकला.

याच निकितीननं लिहून ठेवलंय की, या देशात घोडे पैदा होत नाहीत आणि इथं घोड्यांना साखर-तेल घातलेली खिचडी खायला देतात. परदेशी घोड्याची इथं किती बडदास्त ठेवली जाई, ते यावरून कळतं. पण असा घोडा महाग. तो दरबारी सरदाराला परवडे, खेड्यातल्या शिपायाला नाही.

त्या शिपायाचं उत्तर होतं भीमेच्या काठचं तट्टू. आयात झालेले अरबी, तुर्की नर आणि इथल्या काटक घोड्या यांच्या संकरातून ही जात घडली, असं मानलं जातं. इथली जमीन कोरडी, गवत आखूड, उतार खडकाळ. आमच्या गोंदियाकडच्या चिखलाच्या बांध्यांत घोड्याचं खूर टिकणं कठीण, भीमथडीच्या मुरमाड माळावर मात्र ते घट्ट होतं. उंची बेताची, खाणं थोडं आणि दम मोठा, असा हा घोडा.

मलिक अंबरनं ही ताकद ओळखली. त्याच्या सैन्यातले मराठे बारगीर मुघलांच्या जड फौजेची रसद तोडत आणि समोरासमोरची लढाई टाळत. १६२४ मध्ये भातवडीला मुघल आणि आदिलशाही फौजांचा त्यानं पराभव केला. त्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूनं होते आणि त्यांचे बंधू शरीफजी तिथंच कामी आले. हबशी वजीर, मराठा स्वार आणि दख्खनी तट्टू असा हा मेळ होता.

शिंगराचा घोडा होताना

घोडी अकरा महिने गाभण राहते. शिंगरू साधारण सहा महिन्यांचं झालं की दूध तोडतात. पण त्याची तालीम त्याआधीच सुरू झालेली असते. रोज अंगावरून हात फिरवायचा, पाय उचलून बघायचे, कानाला हात लावू द्यायची सवय लावायची. ज्या शिंगराला माणसाचा हात लहानपणी ठाऊक होत नाही, ते पुढं नालबंदाला पाय देत नाही.

मग मोहरकी, मग आगाडी-पिछाडी, म्हणजे पुढचे-मागचे पाय दोरीनं बांधून थानावर उभं राहायला शिकवणं. दोन वर्षांच्या आसपास बागडोरीवर कावा. पाठीवर आधी नुसतं खोगीर, नंतर माणूस. घाई केली तर पाठ आणि गुडघे कायमचे जातात. वय ओळखायचं दातांवरून. दुधाचे पुढचे दात अडीच वर्षांपासून पडू लागतात आणि पाच वर्षांना जबडा पुरा होतो. अंडील नराचं काम आणखी नाजूक. तिसऱ्या वर्षापासून त्याला घोडीचा वास येतो, तो चावतो, मागच्या पायांवर उभा राहतो. तिथं चाबकापेक्षा चाबुकस्वाराचा संयम कामी येतो. असा नर खच्ची केला तर सांभाळायला सोपा, पण मग वंश पुढं कोण चालवणार?

या विद्येला जात-धर्माची कुंपणं नव्हती. शालिहोत्राच्या नावानं चालत आलेलं संस्कृत अश्वशास्त्र शाहजहानच्या काळात अब्दुल्ला खान फिरोज जंगनं फारसीत आणलं. त्या फारसी ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर १७८८ मध्ये कलकत्त्यात छापलं गेलं. शालिहोत्र या नावावरूनच घोड्याच्या वैद्याला ‘सालोतरी’ हा शब्द पडला. मराठी पागेची भाषा बघा. लगाम, जीन, रिकीब, तंग, नाल, तोबरा, खरारा. यातले बहुतेक शब्द फारसी-अरबीतून आले आणि मराठीच झाले. महाराष्ट्रातल्या मुस्लिम घरांत ‘नालबंद’ हे आडनाव आजही आहे.

शिवाजी महाराजांचं १६७३ सालचं चिपळूणच्या तळावरच्या लष्कराला लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. रयतेला त्रास देऊ नका, यासाठी ते सांगितलं जातं. पण ते घोडे जगवण्याचंही पत्र आहे. दाणा-वैरण पावसाळाभर पुरेल अशी मोजून वापरा, नाहीतर ऐन पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील. उंदरानं पेटती वात ओढून नेली तर गवताच्या गंजी जळतील, म्हणून दिवे विझवा. पागा जगली तरच रयत सुरक्षित राहते, हा त्यातला हिशेब आहे.

पागा मोडल्यावर

१८१८ मध्ये पेशवाई संपली. शिलेदारांची चाकरी गेली, पागा मोडल्या. शिरूर तालुक्यातल्या आलेगाव पागा या गावाच्या नावात तेवढी ती उरली आहे. जात मात्र टिकली, ती सरदारांमुळं नव्हे, धनगरांमुळं. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन निघालेल्या वाड्याचा संसार आजही याच घोड्यांच्या पाठीवर असतो. भांडी, कोंबड्या, नुकती जन्मलेली कोकरं, कधी लहान मूलही. पुरुष मेंढरांबरोबर पुढं जातात आणि घोडी हाकतात बायका. शिंगरू आईच्या बाजूनं चालत वाट शिकतं. त्यांची तालमीची शाळा म्हणजे हीच वाट.

२०२४ च्या सुरुवातीला भीमथडी घोड्याची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर नोंद झाल्याचं जाहीर झालं. कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या यादीतली घोड्यांची ही आठवी जात. त्याच्या आदल्याच वर्षी राज्यगीत झालेल्या गाण्यातही भीमथडीची तट्टं आहेतच.

नोंद झाली, गौरव झाला. पण जात टिकते ती चांगल्या नरांवर, नर टिकतो चराईवर आणि चराईच्या वाटा दरवर्षी कुंपणांनी, वसाहतींनी अरुंद होत आहेत. मेंढपाळानं वाट सोडली की घोडा ओझं होतो आणि विकला जातो. मग कागदावर जात राहील, माळावर नाही.

अरबी नर, दख्खनी घोडी, हबशी सेनापती, मराठा बारगीर, मुसलमान नालबंद, धनगर मालकीण. या घोड्याच्या वंशावळीतलं कोणतं नाव खोडायचं? एक खोडलं तरी उरलेला घोडा भीमथडीचा राहत नाही. इतिहासाची वाटणी करायला निघालेल्यांनी एकदा तरी या वाड्याबरोबर चालून पाहावं.