अंगठा, गेज आणि वॉलट्यूब

गेल्या महिन्यातली गोष्ट. शुक्रवारी रात्री पुण्याहून कोल्हापूरला पोचलो आणि शनिवारी उजाडायच्या आत सायकल काढून पन्हाळ्याच्या रस्त्याला लागलो. वाघबीळच्या अलीकडे एका खड्ड्यात मागचं चाक आपटलं आणि दोन मिनिटांत टायर जमिनीला टेकला. ट्यूब काढून बघतो तर शेजारी शेजारी दोन बारीक भोकं, साप चावल्यासारखी. हे खिळा लागल्याचं पंक्चर नव्हतं. हवा कमी असली की खड्ड्याचा दणका थेट रिमपर्यंत जातो, आणि रिम व दगड यांच्यामध्ये ट्यूब चिमटली जाते. न फुटलेल्या पुढच्या चाकाला गेज लावलं. तीन आठवड्यांपूर्वी ६५ पीएसआय भरून गेलो होतो, आता ४० दाखवत होतं.

घरी फोन केला.

"निघताना हवा बघितलीस का?" पप्पांचा पहिला प्रश्न.

"पप्पा, माझ्याकडे गेज आहे."

"गेज आहे रे. बघितलंस का?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पॅच मारून घरी आलो, आणि उरलेला शनिवार-रविवार 'हवा जाते कुठे' या एकाच प्रश्नात गेला. वाचता वाचता विषय बेलफास्ट, बेळगाव करत परत आमच्या गल्लीत येऊन थांबला. ते सगळं इथे मांडतोय.

आधी एक गैरसमज काढून टाकू. 'थंडीनं हवा बसली' असं आपण म्हणतो. गणित करून बघा. तापमान १० अंशांनी उतरलं तर ५० पीएसआयच्या टायरमध्ये फरक पडतो जेमतेम दोन पीएसआयचा. बाकीची हवा खरोखरच बाहेर जाते, आणि तीही भोक नसताना. रबर आपल्याला घट्ट दिसतं, पण हवेचे रेणू त्यात विरघळतात, पलीकडच्या बाजूला झिरपतात आणि निघून जातात. माठातून पाणी पाझरतं तसंच काहीसं. म्हणजे हवा जाणं हा बिघाड नाही, तो रबराचा स्वभाव आहे. हवेच्या टायरचा जन्म झाला त्या दिवसापासून ही कटकट त्याच्यासोबत आहे.

आणि जन्म दोनदा झाला. रॉबर्ट थॉमसन नावाच्या स्कॉटिश इंजिनियरनं १८४५ सालीच हवा भरलेल्या चाकाचं पेटंट घेतलं होतं, पण घोडागाड्यांसाठी. रबर महाग होतं आणि आज आपण जिला सायकल म्हणतो ती अजून यायची होती, त्यामुळे लोक विसरून गेले. मग बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप हा जनावरांचा डॉक्टर १८८७ च्या सुमारास पोराच्या तीनचाकीसाठी खटपट करू लागला. दगडी फरसबंदीच्या रस्त्यावर भरीव रबराची चाकं हाडं खिळखिळी करायची. यानं रबराची नळी लाकडी चकतीवर गुंडाळली, आणि फुटबॉलच्या पंपानं हवा भरली. १८८८ मध्ये पेटंट मिळालं. १८८९ च्या मे महिन्यात विल्यम ह्यूम या सायकलपटूनं बेलफास्टच्या शर्यती असल्या टायरवर जिंकल्या आणि हसणारे गप्प झाले. पुढच्याच वर्षी थॉमसनचं जुनं पेटंट उजेडात आलं आणि डनलॉपचं पेटंट निकालात निघालं! नाव मात्र डनलॉपचंच राहिलं.

टायर झाला, पण हवा आत जावी आणि बाहेर येऊ नये याचं दार हवं. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला तीन वेगवेगळी दारं तयार झाली, आणि आजही जग त्या तिघांवरच चाललंय. एक अमेरिकेतल्या ऑगस्ट श्राडरचं, पेटंट १८९३ चं. मोटारसायकल आणि कारला असतं ते. दुसरं बारीक फ्रेंच दार, प्रेस्टा म्हणतात ते, माझ्या सायकलला आहे. तिसरं इंग्लंडमधलं, वुड्स व्हॉल्व्ह. हे आपल्याकडच्या काळ्या उंच सायकलींना आलं आणि इथलंच होऊन गेलं.

या तिसऱ्याची रचना बघण्यासारखी आहे. पितळेची एक बारीक नळी, तिला बाजूला एक छिद्र, आणि त्या छिद्रावर चढवलेली रबराची इवलीशी नळी. तीच आपली वॉलट्यूब. पंप मारला की हवेच्या जोरानं रबर फुगतं आणि हवा आत जाते. पंप थांबला की आतलीच हवा रबराला छिद्रावर दाबून धरते. स्प्रिंग नाही, पिन नाही. खराब झाली तर कुठल्याही दुकानात नवा तुकडा कापून मिळायचा. रिंग फिरवा, बसवा, चला. खेड्यापाड्यासाठी याहून सोपी वस्तू शोधून सापडणार नाही.

पण याला एक मोठी मर्यादा आहे, आणि ती मला त्या रविवारीच कळली. श्राडर आणि प्रेस्टाला आत ढकलायला पिन आहे. गेज ती पिन दाबतं, आतली हवा गेजपर्यंत येते आणि आकडा दिसतो. वुड्सला पिनच नाही. बाहेरून कितीही दाबा, वॉलट्यूब आतल्या हवेला बाहेर येऊ देत नाही. पंपावर जो आकडा दिसतो तो असतो पंपातला दाब, त्यात वॉलट्यूब उघडायला लागलेला जोर मिसळलेला. आमच्या भाषेत सांगायचं तर या व्हॉल्व्हमध्ये डेटा लिहिता येतो, वाचता येत नाही :-)

म्हणून अंगठा! मी इतकी वर्षं समजत होतो की पप्पा आणि त्यांच्या पिढीची माणसं टायरला अंगठा लावतात कारण त्यांना पीएसआय वगैरे माहीत नाही. प्रत्यक्षात त्यांच्या सायकलला दुसरं कुठलं मोजमाप धड चालतच नव्हतं. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या एका व्हॉल्व्हनं कोट्यवधी माणसांना अंगठा लावायला शिकवलं.

आणि तो अंगठा अडाणी नव्हता. आमच्या गल्लीच्या तोंडाला एका चाचांचं सायकलचं दुकान होतं. घमेल्यात काळं पाणी, भिंतीला टांगलेले टायर, आणि पाय ठेवून दाबायचा उभा पंप. हवा भरायला गेलं की चाचा आधी विचारायचे, "मागं कोण बसणार हाय?" मला तेव्हा तो चौकसपणा वाटायचा. आता गणित करतो. टायर जमिनीवर किती टेकतो ते साधारण वजन भागिले दाब. मागच्या चाकावर ४५ किलो आणि दाब ५० पीएसआय, म्हणजे चौरस सेंटिमीटरला साडेतीन किलो धरला, तर टायर जेमतेम १३ चौरस सेंटिमीटर टेकतो. कॅरियरवर ६० किलोचा माणूस बसला की हेच क्षेत्र दुपटीहून जास्त होतं. टायर दबतो, कडा चिरतात, आणि खड्ड्यात ट्यूब चिमटते. चाचांच्या प्रश्नात हे सगळं आलं होतं. (डबलसीट पकडलं की पोलीस दंडाऐवजी चाकातली हवाच सोडायचे, असं पप्पा सांगतात. म्हणजे शिक्षासुद्धा हवेचीच.)

आता बेळगावकडे वळतो. डनलॉपच्या पेटंटचं जे साल, १८८८, तेच साल किर्लोस्कर आपल्या उद्योगाची सुरुवात म्हणून सांगतात. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. सायकली मुंबईत घ्यायच्या, बेळगावला भाऊ रामुअण्णांकडे पाठवायच्या, तिथे विकायच्या आणि दुरुस्त करायच्या, असा धंदा. पुढे बढतीत डावललं गेल्यावर नोकरी सोडून ते बेळगावलाच आले. त्या दुकानाच्या पोटातून कडबा कापायचं यंत्र आलं, लोखंडी नांगर आला, आणि १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली. योगायोगाचं साल सोडून द्या. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की दक्षिण महाराष्ट्रातल्या कारखानदारीचा पहिला धडा परदेशी यंत्र दुरुस्त करण्याचा होता. बनवणं नंतर आलं. आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरचंही तेच. ऑइल इंजिनांची दुरुस्ती, मग सुटे भाग, मग स्वतःच्या फाउंड्र्या. शोध लावणाऱ्याचं नाव टायरवर छापलं जातं. रोज हवा भरणाऱ्याचं कुठेच नाही. सपोर्टच्या टीममध्ये दोन वर्षं काढलेल्या माणसाला हे जरा जास्तच लागतं.

रबराची गोष्ट थोडक्यात. डनलॉपचा भारतातला कारखाना १९३६ मध्ये बंगालमधल्या साहागंजला सुरू झाला (२०११ पासून तो बंद आहे). पण झिरपणारं नैसर्गिक रबर बदललं ते दुसऱ्या महायुद्धामुळे. १९४२ च्या सुरुवातीला जपाननं मलाया घेतलं आणि दोस्त राष्ट्रांचं रबर तुटलं. अमेरिकेत १९३७ मध्ये सापडलेलं ब्यूटाइल नावाचं कृत्रिम रबर १९४३ पासून मोठ्या प्रमाणात बनू लागलं. त्यातून हवा नैसर्गिक रबरापेक्षा आठ-दहापट हळू जाते. माझ्या ट्यूबा ब्यूटाइलच्या आहेत, म्हणूनच तीन आठवडे विसरूनही चाळीस तरी शिल्लक होती. नैसर्गिक रबराच्या ट्यूबवाल्यांना दर दोन-तीन दिवसांनी दुकानात जावंच लागायचं.

इथे खरी गोष्ट येते, जी मला लिहायची होती.

आमच्याकडे आजोबांची हर्क्युलस आहे. आजोबा तिच्यावरून शाहू मिलला जायचे, नंतर पप्पांनी ती ऑफिसला वापरली, आणि रिटायर झाल्यावर रोज रंकाळ्याची फेरी. गेलं वर्षभर ती बोळात भिंतीला उभी होती, दोन्ही टायर बसलेले. मला वाटलं, गुडघे. एकदा मी म्हणालोही, "भंगारात देऊन टाकूया का?" पप्पा काही बोलले नाहीत.

त्या रविवारी वुड्स व्हॉल्व्हबद्दल उत्साहानं सांगत होतो, तेव्हा सहज म्हणाले, "चाचांचं दुकान बंद झालं ना. मोटारसायकलवाल्यांकडे गेलो तर त्यांची नळी या व्हॉल्व्हला बसत नाही. आणि हातपंप मारायला हा खांदा वर होत नाही."

म्हणजे सायकल थांबली होती ती गुडघ्यांमुळे नाही. थांबली होती हवेमुळे. श्राडरचं तोंड वुड्सला बसत नाही, एवढ्यामुळे. आणि मी घरातल्या घरात दीड हात अंतरावर चांगला उभा पंप ठेवून पुण्याला जात होतो.

गंमत अशी की माझ्या पंपाचं प्रेस्टाचं तोंड वुड्सला व्यवस्थित बसतं. वॉलट्यूब कडक झाली होती, ती बदलली. जुन्या ट्यूबा काढून ब्यूटाइलच्या घातल्या. पंप मारताना काटा ७० च्या वर नाचत होता. मी पप्पांकडे बघितलं. त्यांनी वाकून टायरला अंगठा लावला. "अजून चार."

आता नियम ठरलाय. दर दुसऱ्या शनिवारी मी आलो की आधी दोन्ही सायकलींची हवा, मग चहा. मधल्या आठवड्यात शेजारचा नववीतला पोरगा पंप मारतो, अंगठा पप्पांचा. माझ्या सायकलला गेज लावतो, पण निघायच्या आधी, नंतर नाही.

आणि हो, हे वाचून झालं की घरातल्या जुन्या सायकलीला एकदा अंगठा लावून बघा. दबला, तर ती का उभी आहे तेही विचारून घ्या.