गर्भारपणातील लसीकरण : नवजात बाळाचे पहिले कवच

नवी दिल्ली : डांग्या खोकल्यापासून संरक्षण देणारी पहिली लस बाळाला मिळते ती वयाच्या सहाव्या आठवड्यात. राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रकानुसार पेंटाव्हॅलंट लसीच्या तीन मात्रा सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या वयात दिल्या जातात. हा आजार सर्वाधिक जीवघेणा ठरतो तो मात्र जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांतच. ही उणीव भरून काढण्यासाठी गर्भवतीचे लसीकरण महत्त्वाचे ठरते.

लस घेतल्यानंतर सुमारे दोन आठवड्यांत मातेच्या शरीरात पुरेशी प्रतिपिंडे तयार होतात आणि वारेतून ती गर्भापर्यंत पोहोचतात. गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत हे प्रमाण सर्वाधिक असते. त्यामुळेच वेळेआधी जन्मलेल्या बाळांना हे संरक्षण कमी मिळते.

भारतात सरकारी केंद्रांवर गर्भवतींना धनुर्वात व घटसर्प प्रतिबंधक ‘टीडी’ लस मोफत दिली जाते. पहिली मात्रा गर्भारपणाच्या सुरुवातीला आणि दुसरी चार आठवड्यांनंतर घ्यायची असते. मागील तीन वर्षांतील गर्भारपणात दोन्ही मात्रा झाल्या असल्यास एक वर्धक मात्रा पुरते. मातांचे लसीकरण आणि सुरक्षित प्रसूतीच्या बळावर भारताने माता व नवजात धनुर्वाताचे निर्मूलन साध्य केल्याचे 2015 मध्ये प्रमाणित झाले.

‘टीडी’ लसीत डांग्या खोकल्याचा घटक नसतो, हे अनेक कुटुंबांना ठाऊक नसते. त्यासाठी ‘टीडॅप’ ही लस असून प्रत्येक गर्भारपणात 27 ते 36 आठवड्यांदरम्यान ती घ्यावी, अशी शिफारस केली जाते. सरकारी वेळापत्रकात तिचा समावेश नसल्याने ती खासगी रुग्णालयात स्वखर्चाने घ्यावी लागते. ब्रिटनमध्ये 2012 मधील उद्रेकात अनेक तान्ह्या बाळांचा मृत्यू झाल्यावर त्याच वर्षी ऑक्टोबरपासून गर्भवतींना डांग्या खोकल्याची लस देण्यास प्रारंभ झाला. तीन महिन्यांखालील बाळांमध्ये ही लस सुमारे 90 टक्के परिणामकारक असल्याचे तेथील अभ्यासात आढळले.

इन्फ्लुएंझाची निष्क्रिय लस गर्भारपणात कोणत्याही टप्प्यावर घेता येते. सहा महिन्यांखालील बाळांना ही लस देता येत नसल्याने त्यांचे संरक्षण मातेवरच अवलंबून असते. गोवर-रुबेला आणि कांजिण्या यांच्या लसींमध्ये जिवंत विषाणू असल्याने त्या मात्र गर्भारपणात दिल्या जात नाहीत. गरज असल्यास गर्भधारणेच्या किमान एक महिना आधी त्या घ्याव्यात.

गर्भवतीला लस देण्याची जबाबदारी प्रसूतितज्ज्ञांची असली, तरी बालरोगतज्ज्ञांची भूमिकाही तितकीच मोलाची आहे. पहिल्या मुलाला लस देण्यासाठी येणारी आई पुन्हा गर्भवती असल्यास तिला तेव्हाच योग्य सल्ला देता येतो. बाळाला सांभाळणारे वडील व आजी-आजोबा यांनीही आपले लसीकरण पूर्ण करावे आणि खोकला असलेल्या व्यक्तीने बाळापासून दूर राहावे, हेही बालरोगतज्ज्ञ समजावून सांगू शकतात.

जन्माच्या वेळी मातेच्या तपासण्यांची नोंद पाहणेही आवश्यक असते. मातेला हिपॅटायटिस बी चा संसर्ग असल्यास बाळाला शक्यतो 12 तासांच्या आत लस आणि इम्युनोग्लोब्युलिन द्यावे लागते. संसर्ग नसला तरी लसीची पहिली मात्रा 24 तासांच्या आत दिली जाते.

मातेकडून मिळालेली प्रतिपिंडे काही महिन्यांत कमी होतात. त्यामुळे आईने लस घेतली म्हणून बाळाच्या लसी पुढे ढकलणे धोक्याचे ठरते. गर्भारपणात घेतलेल्या प्रत्येक लसीची नोंद माता-बाल संरक्षण कार्डावर करून घ्यावी आणि बाळाच्या पहिल्या तपासणीच्या वेळी ते कार्ड बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.